मंडी हाउसहून रात्री परतताना

कोल्हापूर, ९ जानेवारी

चि. सायली,


भारत रंग महोत्सवासाठी तू आणि तुझी मैत्रीण मृण्मयी दिल्लीला निघालात, हे दादानं फोनवर सांगितलं. बोलता बोलता म्हणाला, "तूच तिला जरा समजाव. जानेवारीतली दिल्ली, रात्रीची नाटकं, दोघीच पोरी." त्याची काळजी मला कळते, पण जाऊ नकोस असं मी लिहिणार नाही. राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९९९ पासून हा महोत्सव भरवतं आहे. वेगवेगळ्या भाषांमधली नाटकं लागोपाठ, एकाच चौकाच्या आसपासच्या नाट्यगृहांत बघायला मिळणं ही तुझ्या वयात फार मोठी गोष्ट आहे. नाटक शिकतेस, तर तिथं गेलंच पाहिजे. मला बोलायचंय ते नाटक संपल्यावरच्या तासाबद्दल. नऊ-साडेनऊला पडदा पडतो आणि तिथून खोलीचं दार गाठेपर्यंतचा वेळ उरतो. नोकरीच्या काळात दिल्लीतले बरेच हिवाळे मी काढले, त्यामुळे हा तास माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

आधी थंडीचंच बोलते, कारण बाकीचं सगळं तिच्याशी बांधलेलं आहे. जानेवारीअखेरीस तिथं रात्री पारा सहा-सात अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. आपल्याकडे एखाद्या पहाटे गारठा पडतो आणि दहा वाजेपर्यंत आपण तो विसरून जातो, तसं तिथं नसतं. धुकं धरलं की दिवसभर ऊन पडत नाही, भिंती तापत नाहीत, अंथरूणसुद्धा गार लागतं. रात्रीच्या वेळी माणूस फसतो तो बहुतेकदा घाईमुळे, आणि हिवाळ्यात ही घाई थंडी करायला लावते. बोटं आखडली, दात वाजायला लागले, की पुढ्यात येऊन थांबेल ती रिक्षा बरी वाटते. कुणी गाडीचं दार उघडून "आइए, छोड़ देते हैं" म्हटलं, तर आत बसावंसं वाटतं. अंगात पुरेसे कपडे असलेली मुलगी आणखी पंधरा मिनिटं उभी राहू शकते आणि "नको" म्हणू शकते. म्हणून स्वेटर-मोज्यांकडे मी तब्येतीच्या काळजीइतकंच सुरक्षिततेचं साधन म्हणून बघते.

एका जाड जॅकेटावर भागवू नकोस. आतून अंगाला बसणारं इनर, वर लोकरी स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट, असे थर हवेत. नाट्यगृहात एखादा थर काढता येतो, बाहेर पडताना परत चढवता येतो. कानटोपी, लोकरी मोजे आणि बंद बूट हवेतच. चपला घालून रात्री बाहेर पडायचं नाही. बाहेरचं जॅकेट काळं नको. धुक्यात गाडीवाल्याला काळे कपडे घातलेला माणूस अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि अवजड ट्रकांना शहरात रात्रीच सोडतात. रस्ता ओलांडायचा तो सिग्नलवर किंवा जिथं दिवे लख्ख आहेत तिथं.

आता मंडी हाउस. कमानी, श्रीराम सेंटर, एलटीजी आणि विद्यालयाची स्वतःची नाट्यगृहं, सगळं त्या गोल चौकाच्या आसपास चालण्याच्या अंतरावर आहे. दिवसा तो भाग किती सुंदर! रुंद रस्ते, जुनी झाडं, चहाच्या टपरीवर वाद घालणारी नाटकवाली मंडळी. पण रात्री साडेनऊनंतर त्याची गंमत ओसरते. आपल्याकडे रात्रीच्या रस्त्याला राखण असते ती दुकानांची, वडापावच्या गाड्यांची, खिडकीत उभ्या असलेल्या बायकांची. तिथल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी सरकारी कार्यालयांच्या आणि बंगल्यांच्या लांबच लांब भिंती आहेत. हाक मारली तर ऐकायला कुणी नसतं. नकाशात सात मिनिटं दिसणारं अंतर कोपर्निकस मार्गावर किंवा फिरोजशाह रोडवर रात्री पायी तोडायचं नाही. नाटक सुटल्यावर जी गर्दी मेट्रोकडे निघते तिच्यातच राहा. कलाकारांना भेटायला, फोटो काढायला मागं रेंगाळलात तर वीस मिनिटांत ती गर्दी विरघळते आणि तुम्ही दोघीच उरता. कुणाला भेटायचंच असेल, तर दुसऱ्या दिवशी दुपारी जा. नाटकवाले दुपारी निवांत बोलतात.

जेवण नाटकाच्या आधी उरका. शेजारीच बेंगाली मार्केट आहे. छोले-भटुरे, टिक्की, गरम गुलाबजाम, सगळं मिळतं. सहाच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हाच पोटभर खाऊन घ्या. रात्री दहाला भूक लागली की पाय भलतीकडे वळतात.

तुमची खोली पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवनाच्या जवळपास बघताय असं दादा म्हणाला. त्या दृष्टीनं परतीचा रस्ता सोपा आहे. मंडी हाउसहून ब्लू लाइनवर द्वारकेच्या दिशेची गाडी धरायची. बाराखंबा रोड, राजीव चौक आणि तिसरं स्टेशन रामकृष्ण आश्रम मार्ग. गाडी ज्या दिशेला जाते तिकडचा पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो. मेट्रो साधारण रात्री अकरापर्यंत असते, पण शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. नाट्यगृहात तिकीट दाखवतानाच नाटक किती वेळाचं आहे ते विचारा. सव्वादहाच्या पुढं जाणारं असेल, तर काय करायचं ते आत शिरण्यापूर्वी ठरवा. परतीचं ठरलेलं नसेल तर नाटक कितीही रंगलेलं असो, उठून या. हे तुला जड जाईल, मला माहीत आहे, तरी सांगते.

रामकृष्ण आश्रमपासून पहाडगंजात शिरताना मेन बाजाराचा गजबजलेला रस्ता धरा, आतल्या गल्ल्या नकोत. खोली निवडताना भाड्यातल्या शंभर-दोनशे रुपयांच्या फरकापेक्षा ती मोठ्या रस्त्यापासून किती आत आहे याला महत्त्व द्या, आणि हे अंतर पहिल्याच दिवशी उजेडात चालून बघा. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान, एखादा रात्री उशिरापर्यंत उघडा असणारा ढाबा, पोलीस चौकी, ही तिन्ही कुठं आहेत ते पाहून ठेवा. वाटेत कुणाची वाट बघायची वेळ आलीच, तर मेट्रो स्टेशनच्या आत थांबा. तिथं उजेड असतो, ऊब असते, सुरक्षा दलाचे जवान असतात. भेटायची जागा सांगताना "राजीव चौक" एवढंच सांगू नका, गेटचा नंबर सांगा. ते स्टेशन ज्याच्या खाली आहे त्या कॅनॉट प्लेसचे पांढरे खांब सगळीकडे सारखेच दिसतात, रात्री तिथं भलेभले दिशा चुकतात.

सायली, १६ डिसेंबर २०१२ ला तू लहान होतीस. तो रविवार होता. सिनेमा पाहून साकेतहून परतणारी एक मुलगी आणि तिचा मित्र रिक्षानं मुनीरकाच्या थांब्यापर्यंत आले. पुढं जायला वाहन हवं होतं. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. एक खासगी बस थांबली, घरी सोडतो म्हणाली, ते चढले. पुढचं सगळ्या देशाला ठाऊक आहे. मी तेव्हा रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते; मुनीरकाचा थांबा आमच्या रोजच्या वाटेवरचा. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही बायका ऑफिसात एकमेकींना विचारायचो, आपण त्या थांब्यावर असतो तर काय केलं असतं? खरं उत्तर असं, की आपणही चढलो असतो. त्या मुलीचं काहीही चुकलेलं नव्हतं. चुकलं होतं ते त्या शहराचं, जिथं त्या वेळी घरापर्यंत नेणारं भरवशाचं वाहन तिला मिळालं नाही. न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली, २०१३ मध्ये कायदा बदलला. तरीही शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांचा प्रश्न पुरता सुटलेला नाही, आणि तो सुटेपर्यंत तू तुझ्यापुरती सोय करून ठेवावीस असं मला वाटतं. घडू नये ते घडलं, तर दोष तुझा नसेल. हे माझ्याकडून लिहून घे आणि कुणी काही म्हणालं तरी विसरू नकोस.

तर वाहनाचं. आधीच माणसं बसलेली रिक्षा, "शेअरिंग"वाली गाडी, प्रवासी घेत फिरणारी खासगी बस, यात रात्री बसायचं नाही. ॲपवरून गाडी मागवलीत तर नंबर आणि चालकाचा चेहरा जुळवूनच दार उघडा. दिल्लीत हरियाणाची किंवा उत्तर प्रदेशची पाटी असलेल्या टॅक्स्या सर्रास येतात, त्यानं बिचकू नका. नंबर ॲपवर दिसतो तोच आहे ना, एवढं पाहा. तुमचं नाव त्यानं सांगावं, तुम्ही आधी सांगायचं नाही. प्रवास सुरू होताच त्याची लिंक दादाला पाठवा. रिक्षाचं रात्रीचं भाडं अकरा ते पाच जास्त असतं, तिथं घासाघीस करत उभ्या राहू नका. "रस्ता बंद आहे", "तुमचं हॉटेल बंद पडलंय", असं सांगून दुसरीकडे नेऊ पाहणाऱ्याला उत्तर न देता उतरून जायचं.

मोटारसायकलवरून येऊन मोबाइल हिसकावणं तिथं फार चालतं. फोन हातात धरून रस्त्याच्या कडेनं चालायचं नाही. नकाशा बघायचा तर भिंतीला पाठ लावून, थांबून. थंडीत बॅटरीही लवकर उतरते. पॉवर बँक जवळ ठेव, आणि खोलीचा पत्ता हिंदीत कागदावर लिहून खिशात ठेव. ११२ हा पोलिसांचा आणि १८१ हा महिलांसाठीचा नंबर, दोन्ही पाठ हवेत. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. "ही आमची हद्द नाही" असं कुणी म्हटलं, तर शून्य क्रमांकाची एफआयआर नोंदवून घ्या म्हणून ठाम सांग.

गाडीबद्दल. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसनं जाताय, ती निजामुद्दीनला सकाळी पोचायला हवी. पण त्या दिवसांत मथुरेच्या पुढं धुकं दाटतं आणि गाड्या तासन् तास रखडतात. सकाळची गाडी रात्री पोचली असंही होऊ शकतं, आणि वेळेवर आलीच तरी सूर्य सातनंतरच उगवतो. अंधारात उतरलात तर फलाटावरच्या वेटिंग रूममध्ये बसा, चहा घ्या, उजाडू द्या. बाहेरच्या दलालाबरोबर खोली बघायला जाऊ नका. स्टेशनावर प्रीपेड रिक्षाचा बूथ असतो, तिथूनच रिक्षा घ्या. आणि आग्र्याला जायची हौस असेल, तर दिवसाच्या रेल्वेनं. यमुना एक्सप्रेसवेवर रात्रीच्या धुक्यात गाड्यांवर गाड्या आदळून दर हिवाळ्यात माणसं मरतात. स्वस्तात नेतो म्हणणाऱ्या पहाटेच्या टॅक्सीला माझा साफ नकार आहे.

खोलीत पोचलात म्हणजे सुटलात असं समजू नका, हे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय. दर हिवाळ्यात दिल्लीत बंद खोलीत अंगीठी, म्हणजे कोळशाची शेगडी, पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपेतल्या माणसाला जाग येत नाही. लॉजवाल्यानं प्रेमानं शेगडी आणून दिली तरी परत कर. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल आणि खिडकी नसेल, तर ती खोलीच घेऊ नका, विजेचा गिझर असलेली मागा. विजेचा हीटर झोपण्यापूर्वी अर्धा तास लावायचा आणि बंद करून रजाईत शिरायचं. त्यावर ओले मोजे वाळत घालायचे नाहीत. खिडकीची एक फट उघडी राहू द्या. डोकं जड झालं, मळमळलं, तर विचार करत बसू नका, दार उघडून मृण्मयीला ओढत बाहेर या.

उघड्या खिडकीतून धूर आत येईल, तेही खरं. थंड रात्री जमिनीलगतची हवा वर उठत नाही आणि सगळा धूर तिथंच साचून राहतो. एन-९५ मास्क घेऊन जा. तुझा लहानपणचा दमा बरा झाला असला तरी पंप सोबत असू दे, आणि पहाटे फिरायला जायचं मनात आणू नकोस. ऊन वर आल्यावर निघ.

रस्त्यात पुलाखाली, फुटपाथवर गोणपाट पांघरून झोपलेली माणसं दिसतील. थंडीचा खरा मार ती खातात. सरकारी रैन बसेरे, म्हणजे रात्रीचे निवारे, आहेत, पण सगळ्यांना पुरत नाहीत. जमलं तर घरातलं एखादं जुनं ब्लँकेट सोबत ने आणि दिवसा कुणाला तरी दे.

२६ जानेवारीच्या आसपास जाताय, तेव्हा लॉजवर ओळखपत्रांची तपासणी कडक असते, आधारकार्ड मूळ हवं. २९ तारखेला विजय चौकात बीटिंग रिट्रीट असतं. त्या संध्याकाळी काही मेट्रो स्टेशनं आणि रस्ते बंद ठेवतात, त्या दिवशीचं नाटक निवडताना हे बघा.

रोज रात्री खोलीत पोचल्यावर मला "पोचले" एवढा एक मेसेज कर. अकरापर्यंत आला नाही तर मी फोन करीन, आणि तेव्हा चिडायचं नाही. तिकीट पक्कं झालं की पीएनआर पाठव. माझी कानटोपी आणि दोन इनर उद्या पोस्टानं धाडते, मृण्मयीचं माप कळलं तर तिच्यासाठीही घेईन. वहिनीला सांग, लाडू थोडे जास्त कर, गाडी उशिरा पोचली तर उपयोगी पडतील.

तुझी,
आत्या