आईसाठी रडायला बंदी होती

काका गेले तेव्हा त्यांच्या तेराव्याला सगळी भावकी एकच गोष्ट सांगत होती: आईविना पोर त्यांनी पदरात घेतली, वाढवली, शिकवली. यात खोटं काही नव्हतं. माझी फी त्यांनी भरली, ताटात कधी दुजाभाव केला नाही. आणि कमरेचा पट्टा काढून त्यांनी मला मारलं, हेही खोटं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून कशा झाल्या, ते निदान मला तरी कळावं म्हणून मी लिहायला बसले. तोवर मी पंचेचाळिशी ओलांडली होती.

आई काविळीनं गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वडील एसटीत ड्रायव्हर. मुक्कामी गाड्यांमुळे निम्म्या रात्री बाहेरच. म्हणून मला कराडजवळच्या गावी काकांकडे ठेवलं. पहिला मार बसला तो आईच्या आठवणीनं रडले म्हणून. तिन्हीसांजेला रडून घरात अवदसा आणतेस, असं काका म्हणाले. पुढे कारणं बदलत गेली, कधी सांडलेलं दूध, कधी शाळेतून यायला झालेला उशीर. पण आईचं नाव काढायचं नाही, हा नियम कायम राहिला. तिची पातळं काकूंनी बोहारणीला दिली. वळ उठले की त्या हळद-तेल लावायच्या आणि बजावायच्या, "कुठं बोलू नकोस हं. तुझ्याच बापाची मान खाली जाईल." नऊ वर्षांच्या मुलीला गप्प करायला एवढं पुरतं.

लिहिताना पट्टा अडवेल असं वाटलं होतं. तो भराभर कागदावर उतरला. अडलं ते आईपाशी. तिचा चेहरा फोटोत होता तेवढाच आठवायचा, आवाज तर आठवायचाच नाही. घरातलं माणूस गेलं की लहान मूल त्याच्याबद्दल विचारत राहतं, तीच तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावतं, रडतं, आणि असं करत करत त्या माणसाला मनात जपायला शिकतं. त्याच वयात मला आई विसरायची सक्ती झाली. वळ काही दिवसांत जायचे. शोक मात्र करायचाच राहून गेला होता.

म्हणून माझ्यासारख्यांना सगळ्यात आधी हे सांगेन. तुमच्या लहानपणात मार आणि मृत्यू दोन्ही असतील, तर सगळी वही मारणाऱ्याला देऊ नका. त्यानं घर व्यापलं होतं, तसा तो पानंही व्यापतो. गेलेल्या माणसासाठी वेगळी पानं ठेवा, आणि तुम्हाला आठवत नसेल तर ज्यांना आठवतं त्यांच्याकडे जा. मी मावशीकडे गेले. आई चिडली की काय बोलायची, भाजीला काय वाटण लावायची, असलं विचारत बसले. मावशी म्हणाली, "अगं, तुझ्या बाबांची गाडी यायच्या आधीच ती स्टँडवर जाऊन बसायची. गाडी फलाटाला लागताना बघायला तिला आवडायचं." ते ऐकून मी मावशीच्या घरात मोठ्यानं रडले, आणि कुणी मला थांबवलं नाही.

दुसरं, रात्री लिहू नका. सगळे झोपल्यावर मी लिहायचे. मग झोप उडायची, छातीत धडधडायचं, दुसऱ्या दिवशी पट्ट्याचं बकल वाजलं तरी अंग आकसायचं. ज्या समुपदेशक बाईंकडे जाऊ लागले त्यांनी एका प्रयोगाबद्दल सांगितलं. 1986 साली अमेरिकेतले जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी त्याचे निष्कर्ष छापले. कॉलेजच्या मुलांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या घावाबद्दल लिहिलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना अधिकच वाईट वाटलं. पण काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं, हे दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा फरक दर वेळी इतका ठळक दिसला नाही. मला मात्र त्यातून दोन गोष्टी मिळाल्या: लिहिल्यावर जीव कासावीस होतो तो माझ्या दुबळेपणामुळे नव्हे, आणि वेळेला मर्यादा हवी. मग दुपारी, घरात कुणीतरी असताना, गजर लावून लिहू लागले. गजर झाला की वही बंद, आणि हाताला काम, भाजी निवडणं किंवा धुणं. लिहिता लिहिता तोल जातोय असं वाटलं तर त्या दिवशी तिथेच थांबा. जगणं नको वाटू लागलं तर 14416 हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी आहे, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं.

"आता गेले ते, माफ करून मोकळी हो," असं मला कितीतरी जणांनी प्रेमानं सांगितलं. मी माफ केलेलं नाही. सायकल मला काकांनीच शिकवली, मागून धरून पळत पळत, हेही मी लिहिलंय. चांगलं ते खोडून त्यांना राक्षस केलं असतं तर ते माझं लहानपण राहिलं नसतं. पण सायकलीनं पट्टा धुऊन निघत नाही. उपकार आणि मार यांची वजाबाकी कुणी मागितली तर ती करू नका.

लिहिणं आणि छापणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. आमच्याच जिल्ह्यातल्या फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' हे आत्मकथन घरच्यांपासून लपवून लिहिलं आणि कितीतरी वर्षं कुणाला दाखवलं नाही. तुम्हीही वही कुलपात ठेवू शकता, कुणाला तिचा हिशेब द्यायचा नाही. छापायचं ठरलं तर आधी वकिलाला दाखवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये मृत व्यक्तीच्या बदनामीचाही विचार आहे. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य त्यातून वगळलंय, पण ते सिद्ध करायची वेळ आली तर जुनं कार्ड, पत्र, शेजाऱ्याची आठवण, काहीही उपयोगी पडतं. असेल ते जपून ठेवा. भावंडांना छापील पानावरून कळू देऊ नका. चुलतभावाला मी आधी घरी बोलावून वाचून दाखवलं. त्यानं शर्ट वर करून पाठ दाखवली.

आणि ज्याच्याबद्दल लिहिताय तो माणूस अजून जिवंत असेल, त्याच्या घरात एखादं लहान मूल असेल, तर वही बाजूला ठेवा. आधी 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ती पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारकच आहे. पुढचं प्रकरण नंतर लिहिता येईल.