साधी राहणी : कोणाच्या कष्टावर?

१९२४ च्या डिसेंबरात बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षस्थान भूषविलेले हे एकमेव अधिवेशन, ही गोष्ट आपल्याकडील शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. त्या अधिवेशनाच्या पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खोदली होती व ती आजही आहे, हे मात्र ती पाहून आल्यावरच ध्यानात राहते. मी वर्गाला तेथे नेले असता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आपल्या घरचे पाणी कोठून येते?" "नळातून!" दुसरा म्हणाला आणि सगळे हसले. मला हसू आले नाही. आमच्या परसात विहीर होती व तिच्यावर कैक वर्षे पत्रा पडलेला होता.

साधी राहणी व आसपासच्या वस्तूंवर निर्वाह, यांविषयी मी व्यासपीठावरून पुष्कळ बोललो आहे. त्या दिवसानंतर प्रथमच घराची चौकशी केली. आठवडाभर घरात येणारी प्रत्येक वस्तू व तिचे गाव कागदावर टिपले. जिल्ह्यात भुईमूग पिकत असता आमच्या कढईत पामतेल होते, म्हणजे बहुधा मलेशिया किंवा इंडोनेशियाचे! धान्याची तऱ्हा निराळी. बेळगाव-खानापूरकडे भात, सौंदत्ती-अथणीकडे ज्वारी. तेव्हा आपल्या जिल्ह्यातच 'स्थानिक' या शब्दाचे दोन अर्थ होतात, आणि दोन्ही आपलेच. रोजा सोडताना लागणारा खजूर मात्र दुरून येणार, त्याला माझी ना नाही. पथ्याचा हट्ट झाला की घरातील माणसे पथ्यालाच कंटाळतात.

पाण्याचा हिशेब मी फळ्यावर मांडला. वाचकांनीही आपल्या घरापुरता मांडून पाहावा. बेळगावास वर्षाकाठी १२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ५० चौरस मीटर छपरावर १२०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ६०,००० लिटर पाणी. उडून-वाहून जाणारे पंचमांश वजा केले तरी ४८,००० उरतात. पाच माणसांच्या घरास दररोज ५०० लिटर लागतात असे धरले, तर ही ९६ दिवसांची बेगमी झाली. हे पाणी सारे पावसाळ्यातच पडते व एवढी टाकी कोणाच्या घरी नसते, हे खरे. म्हणूनच ते गाळून विहिरीकडे वळवावयाचे. जमीन हीच टाकी.

दुसरे माप आमच्या मशिदीतले. प्रेषितांचा वजू एक 'मुद्द' पाण्यात होत असे, असे हदीसमध्ये आहे. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ; आजच्या मापाने साधारण लिटरभराच्या आतबाहेर. मी नळाखाली बादली ठेवून स्वतःचा वजू मोजला. पाच लिटर! वर्षानुवर्षे हे वाचून मुलांना सांगत आलो होतो. आता तांब्या घेतो.

एवढे झाल्यावर मोठ्या उत्साहाने मी घरात जाहीर केले की, यापुढे धुणीभांडी विहिरीच्या पाण्याने व्हावयाची. पत्नीने शांतपणे विचारले, "तुम्ही साधे राहणार ते ठीक; पाणी कोण ओढणार?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपल्याकडे साध्या राहणीचे गोडवे बहुधा पुरुष गातात. आणि दळणे, ओढणे, थापणे ही कामे त्याच उत्साहात घरातील स्त्रियांकडे परत जातात. आमच्या अम्मीने उमेदीची वर्षे त्याच विहिरीवर काढली होती. नळ आला त्या दिवशी तिने शेजारी साखर वाटली होती, हे मला त्याच रात्री कळले. विहिरीवरचा पत्रा निष्काळजीपणाने पडला होता असे मी समजत होतो. तो तिने सुटकेने टाकला होता.

म्हणून बदलाची कल्पना करावयाची ती सुट्टीच्या सकाळची करू नये. घरात कोणी तापाने पडले आहे, मुलाची परीक्षा उद्यावर आली आहे, दारात चार पाहुणे उभे आहेत, अशा दिवसाची करावी; आणि त्या दिवशी प्रत्येक काम कोणाच्या हातून होणार त्याचे नाव लिहावे. तेथे सर्वत्र एकच नाव येत असेल, तर बेत पुन्हा आखावा. आमचा बेत तीनदा आखला गेला.

अखेर विहिरीतील गाळ काढविला, नवी कप्पी व दोर बसविला. फजरच्या नमाजानंतर मी आणि मुलगा आळीपाळीने पोहरा ओढून हौद भरतो. ज्या दिवशी आम्हांला जमत नाही त्या दिवशी नळ उघडतो. त्यात कमीपणा मानीत नाही. प्यावयास नळाचेच पाणी, कारण विहिरीचे अद्याप तपासून घेतलेले नाही. घाण्याचे शेंगदाणा तेल महाग पडले. तेव्हा तळण कमी केले व खर्च जमला. पहिल्या महिन्यात मुलगा कुरकुरला, माझी पाठ दुखली. अम्मी कट्ट्यावर बसून दोर कसा धरावा ते सांगत असते, आणि आमचे चुकते तेव्हा तिला फार मौज वाटते.

मोटारसायकलचा प्रश्न सुटलेला नाही. शाळा चार किलोमीटर दूर, येताना चढ. जुनी सायकल माळ्यावरून काढली आहे. तिचे दोन्ही टायर गेलेले निघाले. पाऊस उघडला की ती दुरुस्तीस टाकावयाची आहे.