गिअरबॉक्स खोलण्याआधी

नेवासा फाट्यावर माझं गॅरेज आहे. सोनई आणि भेंड्याच्या कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरांमुळे मान वर करायला फुरसत नसते. त्यातच गोदामांतून फोर्कलिफ्टसाठी फोन येतात. तक्रार ठरलेली: "माल उचलते, पण जागची हलत नाही." या कामात जे शिकलो, ते असं.

१. आधी ऑपरेटरला विचारा. एका गोदामात ३ टनी डिझेल गाडीचा गिअरबॉक्स मी दोन दिवस खपून उतरवला. क्लच प्लेटा ठणठणीत निघाल्या. मग ऑपरेटर म्हणाला, "दादा, आठ दिवस झाले, इंचिंगचं पेडल पूर्ण वर येत नाही." पेडलखाली धूळ आणि ग्रीसचा थर दगडासारखा बसला होता. गाडी इंचाइंचानं सरकवायचं हे पेडल थोडं जरी दबलेलं राहिलं, तरी क्लचचं प्रेशर उतरतं. थर खरवडायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

२. ऑइल बघा, हुंगा. पातळी कमी असेल तर गळती शोधा. करपट वास आला तर क्लच प्लेटा जळाल्या असं समजा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. ऑइल कूलर तपासल्याशिवाय नवं ऑइल ओतू नका.

३. पुढं आणि मागं, दोन्ही चालवून बघा. एकाच बाजूला अडत असेल तर त्या बाजूचा सोलेनॉइड किंवा क्लच. दोन्हीकडे अडत असेल तर ऑइल, पंप, पेडल किंवा अडकलेला हँडब्रेक.

४. वायरिंग विसरू नका. सैल कनेक्टर किंवा उडालेला फ्यूजही चांगली गाडी उभी करतो.

५. थंड असताना चालते आणि गरम झाल्यावर दम सोडते? स्ट्रेनर साफ करा, मग गेज लावून प्रेशर मोजा. गरम ऑइल पातळ होतं, झिजलेल्या सीलमधून निसटतं. गेजचा आकडा बघितल्याशिवाय गिअरबॉक्सला पाना लावायचा नाही.

६. गाडीखाली जाण्याआधी काटे जमिनीला टेकवा, चाकांना ठोकळे लावा, किल्ली काढा. मी खाली असेपर्यंत किल्ली माझ्याच खिशात असते. गॅरेजात नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला हेच शिकवतो. पाना त्यानंतर हातात देतो.