यादी एकदाच लिहा, तक्ता संगणकाला मांडू द्या



स्मरणिकेतील देणगीदारांची यादी सर्वांत बारकाईने वाचली जाते, हा माझा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी ती मी हाताने टंकली. नावांच्या रकान्यात एक नाव गळले आणि खालची सर्व नावे एकेक ओळ वर सरकली. धुणीभांडी करून ५०१ रुपये देणाऱ्या मावशींच्या नावापुढे ५१ छापले गेले. रकमांची बेरीज मात्र बरोबर होती. बँकेत वीस वर्षे काढलेला माणूस मी. बेरीज जुळली म्हणून निर्धास्त राहिलो!

यावर उपाय असा, की नाव व रक्कम एकाच ओळीत लिहून साधी फाईल ठेवावी आणि तक्ता प्रोग्रॅमकडून करून घ्यावा.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड क्नुथ यांना १९७७ साली स्वतःच्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते इतकी खटकली, की त्यांनी अक्षरजुळणीसाठी 'टेक' ही प्रणाली रचली. पुढे १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर 'लाटेक' उभारली. देवनागरीसाठी 'झीलाटेक' वापरावी. तिला युनिकोड फॉन्ट चालतात.

लाटेकमध्ये दोन रकान्यांच्या मध्ये & हे चिन्ह येते व ओळ \\ ने संपते. म्हणजे पायथॉनच्या प्रोग्रॅमने करायचे एवढेच: फाईलची एक ओळ वाचायची, नाव व रक्कम & ने जोडायची, शेवटी \\ लावायचे, रक्कम बेरजेत मिळवायची आणि पुढच्या ओळीकडे जायचे. नाव आणि रक्कम एकत्रच प्रवास करतात, त्यामुळे सरकण्याचा प्रश्न राहत नाही.

खरी मेख चिन्हांत आहे. "अमुक & सन्स" असे नाव आले, की लाटेक तेथे नवा रकाना समजते. % तर त्याहून फसवे. त्या चिन्हापासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर लाटेक वाचतच नाही. व्याजाच्या तक्त्यात "४%" लिहिले, तर पुढची रक्कम आणि ओळ संपल्याची खूण दोन्ही गडप होतात, खालची ओळ वरच्या ओळीला चिकटते, आणि कधी कधी संगणक चूकही दाखवीत नाही. म्हणून अशा चिन्हांआधी \ लावावे लागते. हे रकाने जोडण्यापूर्वी करावे; नंतर केले तर आपण घातलेली & चिन्हेही साधी अक्षरे होऊन बसतील.

आणखी एक गोष्ट. पायथॉनची तयार स्वल्पविराम-पद्धत तीन-तीन अंकांची आहे. आपले १,२५,००० ती १२५,००० असे छापते. लाखाच्या मांडणीसाठी चार ओळी वेगळ्या लिहाव्या लागतात.

फाईलमध्ये जे असेल तेच प्रोग्रॅम छापतो. म्हणून यंदा आम्ही दोघे पावतीपुस्तक घेऊन बसलो. एकाने पावती वाचली, दुसऱ्याने फाईलच्या छापील प्रतीवर खूण केली. मावशींची पावती मी स्वतः दोनदा पाहिली.