सायबर हवंय? आधी वीज शिका

सीईटीचा निकाल लागला की दरवर्षी तोच प्रश्न माझ्या टेबलावर येऊन पडतो: "सर, कॉम्प्युटरला नंबर लागत नाहीये. निदान सायबर सिक्युरिटी तरी?" कॉम्प्युटर, आयटी, एआय हे रस्ते सगळ्यांना पाठ आहेत. मी म्हणतो, इलेक्ट्रिकल घ्या. पालकांचे चेहरे पडतात.

परवा एक वडील कटऑफची यादी घेऊन आले. मुलाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही तेच देत होते. शेवटी त्यांना थांबवून मुलाला म्हटलं, घरी काय करतोस? तो हळूच म्हणाला, "गच्चीवर सोलर आहे. अ‍ॅपवर दिसतात तेवढे युनिट मीटरवर येत नाहीत. दोन्ही आकडे रोज वहीत लिहितो." वडिलांना त्या वहीचा पत्ताच नव्हता.

मायक्रोग्रिडवरचा सायबर हल्लाही असाच, दोन आकडे ताडून, पकडता येतो. सोलर, बॅटरी आणि इन्व्हर्टर यांचं हे छोटं जाळं, वेळ पडली तर मुख्य ग्रिडपासून सुटून चालणारं. त्यातली यंत्रं अनेकदा मॉडबससारख्या १९७९ सालच्या पद्धतीने बोलतात. निरोप कोणाचा, हे तपासायची सोय तिच्यात मुळात नव्हतीच. मध्येच कोणी खोटं रीडिंग घुसवलं, की कंट्रोलर ते खरं मानून भलताच हुकूम सोडतो. अँटिव्हायरस गप्पच. पण रीडिंग १० किलोवॅट सांगतंय आणि जोडावर व्होल्टेज-करंट मोजून ६ च भरतायत, तर कुठेतरी पाणी मुरतंय. सेन्सर बिघडला, की कोणी घुसलं? हा निवाडा करायला आधी वीज कळावी लागते. आकडे खोटे करता येतात, किरचॉफचा नियम नाही.

मोठ्या ग्रिडवरही असे हल्ले झालेत. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये सायबर हल्लेखोरांनी दुरून सबस्टेशनचे ब्रेकर उघडले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. काही तासांत वीज परत आली, ती कर्मचाऱ्यांनी सबस्टेशनवर जाऊन हाताने ब्रेकर जोडले म्हणून.

कोडिंग लागतंच, पण पायथन इलेक्ट्रिकलच्या मुलालाही शिकता येतं. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स मात्र तीन महिन्यांच्या क्लासात येत नाही. डिप्लोमावाल्यांनाही थेट दुसऱ्या वर्षाचं दार उघडं आहे.

आणि पालकांनो, स्पष्टच सांगतो: शेजाऱ्याच्या मुलाला काय मिळालं, यावरून ऑप्शन फॉर्म भरू नका. भरण्याआधी आपल्या मुलाची वही मागून बघा.