सँड्रा श्मिर्लर

कर्लिंग या खेळात सुमारे वीस किलो वजनाचा ग्रॅनाइटचा गोटा बर्फावरून दूरच्या वर्तुळाकडे सोडतात. दोघीजणी पुढे बर्फ घासत त्याची गती व वळण राखतात. तो कोठे जावा, हे संघनायिका ठरविते. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात १९६३ साली जन्मलेली सँड्रा श्मिर्लर अशी संघनायिका होती. १९९३, १९९४ व १९९७ साली तिच्या संघातील त्याच चौघींनी जागतिक विजेतेपद मिळविले.

खरी कसोटी लागली ती नोव्हेंबर १९९७ मध्ये, ब्रँडन येथील ऑलिंपिक निवड स्पर्धेत. तिच्या पहिल्या बाळंतपणाला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. अंतिम सामन्याच्या सातव्या डावात मध्याकडे जाणारा सरळ मार्ग अडलेला होता. तिने आपला गोटा बाजूच्या गोट्यावर आदळविला. तो आत वळला, प्रतिपक्षाचा गोटा त्याने बाहेर लोटला आणि एकदम तीन गुण पदरात पडले. हुकला असता तर याच फटक्याला अविचार म्हटले गेले असते.

फेब्रुवारी १९९८ मध्ये नागानो येथे डेन्मार्कला ७–५ असे हरवून तिच्या संघाने महिला कर्लिंगचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. पुढे दोनच वर्षांनी, २ मार्च २००० रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी कर्करोगाने तिचे निधन झाले. धाकटी मुलगी तेव्हा वर्षाचीही नव्हती.