‘मशीन घ्या, माल आम्ही परत घेतो’ : सही करण्याआधी



गटाचं कर्ज मंजूर झाल्याची बातमी बँकेच्या पासबुकात चढायच्या आधी मशीनवाल्याकडे पोचते, हा बऱ्याच गटांचा अनुभव. फुलवातीचं मशीन, अगरबत्तीचं, द्रोण-पत्रावळीचं. बोलणं ठरलेलं असतं : “मशीन आमचं, कच्चा माल आमचा, तयार माल आम्हीच परत घेणार. घरबसल्या पैसा.” शेगावात तर अजून एक वाक्य जोडतात, “महाराजांच्या नगरीत वातीला गिऱ्हाईकाची काय कमी!” बरं, गिऱ्हाईक मंदिराच्या रस्त्यावरच उभं असेल, तर माल त्याला परत कायले द्यायचा? हा प्रश्न कोणी विचारत नाही.

तो माणूस मशीन विकत नाही, ‘धंदा’ विकतो, हे आधी समजून घेऊ. मशीन डोळ्यांना दिसतं, त्याची किंमत दुसऱ्या दुकानात विचारता येते. माल परत घेण्याचं वचन मात्र दिसत नाही, आणि जास्तीचे पैसे आपण त्या वचनाचेच मोजतो.

एक हिशेब करू. आकडे उदाहरणापुरते आहेत. मशीन 45,000 रुपयांना. कापूस 300 रुपये किलोनं मिळणार, तयार वात 550 रुपये किलोनं परत घेणार. रोज दोन किलो, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 50 किलो. महिन्याला 12,500 रुपये सुटतात, चार महिन्यांत मशीन फिटलं. कागदावर एकदम मस्त. आता खामगाव किंवा अकोल्याच्या ठोक बाजारात तयार वातीचा भाव विचारा. समजा तिथं 400 रुपयांनी वात मिळते. मग हा माणूस 550 ला घेऊन ती विकणार कोणाला? किलोमागं 150 रुपयांचा तोटा तो कशातून भरणार? अशा 50 बाया असल्या तर महिन्याला 2,500 किलो माल आणि पावणेचार लाखांचा तोटा. मशीनची सगळी किंमत नफा धरली तरी त्याला दर महिन्याला नऊ नवी मशीनं विकावी लागतील. त्या नऊ जणींचाही माल पुढच्या महिन्यात घ्यावा लागेल. म्हणजे पहिलीचे पैसे दुसरीच्या कर्जातून येतात. नवी बाई मिळेनाशी झाली की मालात खोट निघते : “वात सैल आहे, कापूस ओला आहे, क्वालिटी बसत नाही.”

आपल्या महाराष्ट्रात असं घडलेलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या महारयत अ‍ॅग्रो या कंपनीनं शेतकऱ्यांना कडकनाथ कोंबडीचा धंदा विकला. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची काळ्या मांसाची जात, 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे कोंबडी खरी होती, तिला मागणीही होती. कंपनी पिल्लं देणार, खाद्य देणार, अंडी आणि मोठे पक्षी चढ्या भावानं परत घेणार, असा करार होता. सुरुवातीच्या लोकांना पैसे मिळाले, ते पाहून शेजारच्यांनी कर्ज काढून पैसे भरले. 2019 मध्ये पैसे थांबले, खाद्य थांबलं, आणि शेतकऱ्यांच्या शेडमध्ये पक्षी उपाशी मरू लागले. फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. त्या सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यासमोर कोंबड्या फेकून निषेध झाला, ते अनेकींनी टीव्हीवर पाहिलं असेल. त्याआधी 2012 मध्ये तमिळनाडूत इमू पक्ष्यांच्या नावानं हाच खेळ झाला होता. पक्षी बदलला, करार तोच.

आता कायद्याकडे येऊ. अमेरिकेत असा ‘धंदा’ विकणाऱ्यांसाठी वेगळा नियम आहे, 2012 पासून नव्या रूपात लागू झालेला. पैसे घ्यायच्या किंवा सही घ्यायच्या निदान सात दिवस आधी विकणाऱ्यानं एक पानी माहितीपत्रक द्यायचं. त्यात पाच गोष्टी असतात : विकणारा कोण, कमाईचा दावा करतो का आणि त्याला पुरावा काय, त्याच्यावर फसवणुकीचे दावे झालेत का, पैसे परत मिळतात का आणि कसे, आणि आधी हा धंदा घेतलेल्या लोकांची नावं व फोन. आपल्याकडे असा एकच नेमका नियम नाही. पण हे पाच प्रश्न विचारायला कोणाची परवानगी लागते? गटाच्या ठरावातच लिहून टाका की या पाच गोष्टी लेखी मिळाल्याशिवाय आणि सात दिवस गेल्याशिवाय चेक फाडायचा नाही. “आजच बुक करा, उद्या भाव वाढेल” म्हणणारा सात दिवस थांबत नाही, तिथंच अर्धी परीक्षा होते. बाकीची अर्धी पाचव्या प्रश्नात. मात्र नावं त्यानं निवडून दिलेली नकोत. दोन वर्षांपूर्वी मशीन घेतलेल्या बाईला आपण स्वतः शोधायचं आणि तिच्या घरी जाऊन मशीन चालू आहे की त्यावर गोधड्या ठेवल्यात ते पाहायचं.

आपल्याकडे जे कायदे आहेत, ते तुकड्या-तुकड्यांत आहेत. माणसं जोडत नेऊन पैसे मिळवायच्या योजना 1978 च्या कायद्यानं बंद आहेत. साखळी विक्रीसाठी डिसेंबर 2021 चे थेट विक्रीचे नियम आहेत. त्यानुसार सभासद होण्यासाठी प्रवेश फी किंवा नोंदणी फी घेता येत नाही. म्हणून कोणी “आधी 2,000 भरा, मग तीन जणी जोडा” म्हटलं, तर पुढचं ऐकायची गरजच नाही. पैसे घेऊन ते वाढवून परत करण्याचं वचन मोडलं, तर ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा 1999 चा कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त होऊ शकते. सरळ फसवणुकीचा गुन्हा पूर्वी कलम 420 खाली घेत, जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली येतो.

सगळ्यात कामाचा आहे तो 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, आणि त्यातच एक गाठ आहे. धंद्यासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ धरला जात नाही. समोरचा वकील पहिल्यांदा हेच म्हणतो. पण कायद्यातच खुलासा आहे की स्वतः राबून, फक्त पोट भरण्यासाठी जी वस्तू घेतली, ती व्यापारी हेतूची नाही. म्हणून बिल आणि करार त्या मशीनवर बसणाऱ्या ताईच्या नावानं करा, आणि ‘स्वयंरोजगारासाठी’ हे शब्द त्यात लिहून घ्या. मजूर लावून मोठं युनिट टाकलं तर मात्र हा आधार कच्चा पडतो.

करारात खाली बारीक अक्षरात “वाद झाल्यास न्यायक्षेत्र पुणे” असं लिहिलेलं असतं. त्याला घाबरू नका. ग्राहक तक्रार आपण जिथं राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे आपल्यासाठी बुलडाण्याच्या जिल्हा आयोगात. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. “पुढच्या महिन्यात माल घेतो” यावर किती महिने काढायचे, ते याच हिशेबानं ठरवा.

कराराचं एक वाक्य घरी आणून मोठ्यानं वाचावं असं असतं : “माल गुणवत्तेनुसार स्वीकारला जाईल.” गुणवत्ता कोण ठरवणार? कोणत्या मापानं? हे लिहिलेलं नसेल, तर माल परत घ्यायचं बंधन त्याच्यावर जवळजवळ नाहीच. किलोचा भाव, किती दिवसांत पैसे, नाकारलेल्या मालाचं कारण लेखी आणि नमुन्याचा एक सीलबंद पुडा आपल्याजवळ, एवढं मागा. पैसे चेकनं किंवा खात्यावरून द्या, तेही कंपनीच्या खात्यावर, आणलेल्या माणसाच्या फोन-पेवर नाही. त्याचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर पुसू नका.

पेन्सिल पॅकिंगच्या जाहिराती हे याचंच धाकटं भावंड. आधी नोंदणीचे 600, मग कुरिअरचे, मग ‘जीएसटी’चे. काम देणारा कामगाराकडून पैसे घेत नाही, तो देतो. यात पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा, उशीर झाला की रक्कम दुसऱ्या खात्यात सरकते.

मालाच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईमाणसाला उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी 15100 वर किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. सोबत करार, बिल, पासबुकाची पानं आणि नाकारलेल्या मालाचा तो सीलबंद पुडा न्या.